अंगणाचीही पाहणी व्हावी

काहीही शिकायचं म्हटलं की त्याचं सामान आधी वाईट आणायचं, असा आपल्याकडे एक अलिखित कायदा आहे. मुलाला क्रिकेट शिकायचं असलं, तर त्याची पहिली बॅट धुणं बडवायला जास्त लायक असते. चित्रकला शिकायची असली, तर पहिला ब्रश असा असतो, की कागदावर रंगापेक्षा त्याचे केसच अधिक उमटतात. आणि पेटी शिकायची असली, तर त्या पेटीतून पहिल्या सुराच्या आधी पहिलं झुरळ निघतं. "आधी हात बसू दे, मग चांगलं घेऊ," हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारलं गेलं नाही, असं मध्यमवर्गीय मराठी घर मला तरी ठाऊक नाही.

हे वाक्य नुसतं काटकसरीचं आहे असं समजू नका. त्याच्यामागे एक अख्खं नीतिशास्त्र उभं आहे. चांगली वस्तू कमवावी लागते. आधी तप, मग वर. आधी मॅट्रिक, मग मनगटी घड्याळ. तोपर्यंत वेळ शेजाऱ्यांना विचारावी. ज्याला अजून 'सा' कुठे आहे हे सापडत नाही, त्याच्या हाती उत्तम वाद्य देणं म्हणजे गाढवाला गुळाची चव विचारण्यासारखंच. हे नीतिशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या हाताळून इतकं गुळगुळीत झालंय, की त्याच्यावर शंकेची माशीसुद्धा बसत नाही. माझ्यापुरती ती बसली आमच्या ताईमुळे.

ताई माझी थोरली बहीण. तीस वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं चारधाम करतात, भिशी लावतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. ताईनं यातलं काहीच केलं नाही. एका दुपारी तिचा फोन आला, "मला व्हायोलिन घ्यायचंय. तू बरोबर चल."

"कुणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठी. पासष्ट पुरी झाली. आता कुणाची परवानगी लागत नाही."

मला वाद्यातलं काही कळतं म्हणून तिनं मला बोलावलं, असा गैरसमज नको. पिशव्या धरायला आणि भाव चालू असताना गप्प बसायला तिला एक माणूस हवा होता.

यामागे थोडा इतिहास आहे. १९७४ साली ताई नववीत असताना आण्णांनी तिला जुन्या बाजारातून साठ रुपयांचं व्हायोलिन आणून दिलं होतं. साठ रुपये तेव्हा थट्टा नव्हती. त्या महिन्यात आण्णांनी चपलेचा अंगठा तीनदा शिवून घेतला होता. व्हायोलिन देताना ते वाक्य अर्थातच झालं : "आधी हात बसू दे, मग चांगलं घेऊ." ताई चार महिने शिकायला गेली. त्या चार महिन्यांत घरात जे आवाज झाले, ते ऐकून शेजारच्या काकू तेलाची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दाराच्या बिजागरीला घाला थोडं." चार महिन्यांनी ताईनं आपला निकाल आपणच लावला : "माझ्या हातात सूर नाही." त्या निकालावर अपील झालं नाही. व्हायोलिन माळ्यावर गेलं आणि ताई गणिताकडे गेली.

पुढे ती बाई झाल्यावर एखादं पोरगं वर्गात म्हणायचं, "बाई, कंपासचा स्क्रू ढिला आहे हो, म्हणून वर्तुळ जुळत नाही." त्यावर ताईचं उत्तर ठरलेलं असे : "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळा वर्ग हसे आणि ते पोरगं पुन्हा न जुळणारं वर्तुळ काढायला बसे.

ही म्हण कुणी तयार केली असावी, याचा मी अलीकडे बराच विचार केला आहे. नाचणाऱ्यानं नक्कीच केलेली नाही. मला वाटतं, ती अंगणाच्या मालकानं केली. या म्हणीनं किती अंगणांची दुरुस्ती वाचवली असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. "अंगण वाकडं आहे" असं म्हणणाऱ्याला आपण हसतो, पण अंगणात ओळंबा लावून पाहण्याची तसदी घेत नाही. आणि प्रश्न तर तोच आहे. काम बिघडलं, की दोष हाताचा किती आणि हत्याराचा किती? हत्याराला नावं ठेवणं पळपुटेपणाचं, हे कबूल. पण हत्यार खरोखरच वाईट असताना हाताला दोष देत बसणं, हे तरी कितीसं प्रामाणिक?

व्हायोलिनच्या बाबतीत हा प्रश्न फारच टोकाला जातो. पेटीची पट्टी दाबली की सूर आपोआप येतो. तो कारागिरानं आधीच भरून ठेवलेला असतो. आपण फक्त त्याला बाहेर बोलवायचं. सतारीला निदान पडदे असतात. व्हायोलिनला यातलं काहीच नाही. काळ्या पट्टीवर चार तारा आणि खाली नुसतं मोकळं मैदान. बोट केसभर इकडे तिकडे झालं की सूर गेला. म्हणजे सूर कुठे आहे हे बोटानं शोधायचं आणि तो सापडला की नाही हे कानानं सांगायचं. नवशिक्याचं बोट आंधळं असतं आणि कान तान्हा असतो. अशा वेळी वाद्यानं तरी खरं बोललं पाहिजे की नाही?

पण काटकसर हाही आमच्या घराण्याचा एक राग आहे. म्हणून मी ताईला सुचवलं, "माळ्यावर एक आहेच की! तेच दुरुस्त करून घेऊ." माळा उपसला. दिवाळीचा जुना आकाशकंदील आणि पितळी बंब यांच्यामधून ते व्हायोलिन निघालं. पुसून आत डोकावलो, तर तळाशी एक पिवळी चिठ्ठी : 'आंतोनियुस स्त्रादिवारियुस, क्रेमोना, १७२१'! माझे हात थरथरू लागले. स्त्रादिवारी म्हणजे इटलीतला तो जगप्रसिद्ध व्हायोलिनवाला, १७३७ साली वारलेला. त्याच १७२१ साली त्यानं बनवलेलं 'लेडी ब्लंट' नावाचं व्हायोलिन २०११ साली लिलावात सुमारे ९८ लाख पौंडांना गेलं. पौंडांचे रुपये करता करता मी मनातल्या मनात दोन फ्लॅट घेतले आणि एक भाच्याच्या नावावर केला.

दुरुस्तीवाल्या मिस्त्रींनी चिठ्ठी पाहिली, पण चष्मासुद्धा पुसला नाही. "अशा चिठ्ठ्या हजारो वाद्यांत आहेत साहेब," ते म्हणाले. १९व्या शतकापासून जर्मनीतल्या, फ्रान्समधल्या कारखान्यांनी स्वस्त व्हायोलिनांवर सर्रास त्या लावल्या. तेवढ्या साच्याचं वाद्य आहे, इतकाच त्यांचा अर्थ. खरी स्त्रादिवारी व्हायोलिनं जगात पाचएकशे उरली आहेत, आणि त्यातलं एक आमच्या बंबाशेजारी असण्याचा संभव कमी होता. मी दोन्ही फ्लॅट परत केले.

मग मिस्त्रींनी वाद्य हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"ह्याचा आत्मा पडलाय," ते म्हणाले.

व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या एका पायाजवळ, पेन्सिलीएवढा लाकडाचा एक खांब उभा असतो. त्याला डिंक नाही, खिळा नाही. वरच्या आणि खालच्या फळीमध्ये तो नुसता दाबावर उभा असतो. वरच्या फळीची थरथर तो खालच्या फळीला पोचवतो. हा खांब पडला की वाद्य पोकळ वाजतं. इटालियन आणि फ्रेंच भाषांत या खांबाला 'आत्मा' असंच म्हणतात. आपल्याकडे आत्म्यावर इतके ग्रंथ झाले, पण त्याची जागा इतकी नक्की कुणी दाखवली नव्हती.

ताईनं विचारलं, "तो पन्नास वर्षांपूर्वीसुद्धा पडलेलाच असेल का?"

मिस्त्री सरळ माणूस होता. म्हणाला, "ते आता नाही सांगता येणार. तारा सैल झाल्या की तो पडतो. माळ्यावरही पडला असेल. पण ही घोडी बघा. हिला कुणी कधी कानस लावलेलीच नाही." त्यांनी तारेखालून आपली करंगळी घातली. ती आरामात गेली. कारखान्यातून निघालेली घोडी जाड आणि उंच असते. ती त्या त्या वाद्याच्या पोटावर बेतून घासायची असते. ती उंच राहिली की तारा पट्टीपासून लांब राहतात. बोट जोर लावून दाबावं लागतं, तार ताणली जाते आणि बोट बरोबर जागी असूनही सूर चढतो. खुंट्याही मऊ लाकडाला काळा रंग देऊन केलेल्या होत्या. त्या घसरायच्या, म्हणजे गुरुजींनी लावून दिलेली तार घरी येईपर्यंत उतरायची. एकीकडे चढवणारी घोडी, दुसरीकडे उतरवणारी खुंटी, आणि या दोघींच्या मधे नववीतली एक मुलगी, सूर कुठे आहे ते शोधत.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं होय रे!"

आता इथे मला सिनेमातल्यासारखं सांगता आलं असतं, की नव्या वाद्याला हात लावताच ताईच्या बोटांतून यमन पाझरला. तसलं काही झालं नाही. ताईच्या हातात तेव्हा सूर होता की नव्हता, हे आजही कुणाला ठाऊक नाही. खरा अन्याय मला तिथेच वाटतो. वाईट वाद्यानं तिचं संगीत हिरावून घेतलं, असं छातीठोक म्हणता येत नाही. संगीत आहे की नाही हे कळण्याची सोय मात्र त्यानं नक्कीच हिरावून घेतली. एका चौदा वर्षांच्या मुलीनं खोट्या साक्षीदाराच्या भरवशावर स्वतःला शिक्षा दिली आणि पन्नास वर्षं ती भोगली. आण्णांना दोष देण्यात अर्थ नाही. साठ रुपयांत त्यांनी त्यांचं सर्वस्व आणलं होतं. घोडी घासून घ्यायला तेव्हा आणखी पाच-सात रुपये पडले असते. घोडी घासायची असते, हे सांगणारं कुणी भेटलं नाही, एवढंच.

आमच्या शेजाऱ्यांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "वाद्यात काय असतं हो? असतं ते हातात." आणि त्यांनी याशा हायफेट्झच्या नावावर खपणारा किस्सा सांगितला. कार्यक्रमानंतर एक बाई त्याला म्हणाली, तुमच्या व्हायोलिनचा आवाज काय सुंदर आहे! त्यावर त्यानं व्हायोलिन कानाला लावलं आणि म्हणाला, मला तर काहीच ऐकू येत नाही. किस्सा फक्कड आहे. पण हे सांगणारा हायफेट्झ स्वतः १८व्या शतकातलं ग्वार्नेरीचं व्हायोलिन वाजवत असे, आणि १९८७ साली वारताना ते त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयाला ठेवलं. वाद्याला महत्त्व नाही, हे सांगण्यासाठीसुद्धा हातात उत्तम वाद्य असावं लागतं. पैशाला किंमत नाही असं म्हणणारेही बहुधा पैसेवालेच असतात.

माझ्या मते इथे आपलं नीतिशास्त्र चक्क उलटं टांगलेलं आहे. उस्तादाला वाकड्या अंगणात नाचता येतं, कारण अंगण कुठे वाकडं आहे हे त्याला पहिल्या पावलात समजतं. घोडी उंच आहे, हे ओळखून तो बोट केसभर मागे घेईल. तार उतरली तर तो वाजवता वाजवता सावरून घेईल. नवशिक्याला यातलं काय येतं? म्हणजे चांगल्या वाद्याची गरज उस्तादापेक्षा नवशिक्यालाच जास्त. आणि आपण ते देतो उस्तादाला, बक्षीस म्हणून. चष्मा नीट दिसायला लागल्यावर देऊ, असं म्हणण्यासारखं आहे हे.

तुम्ही म्हणाल, मग लाखाचं वाद्य घ्यावं का पहिल्याच दिवशी? मुळीच नाही. महाग वाद्य म्हणजे अधिक महिन्यात आलेला जावई. त्याला उन्हात ठेवायचं नाही, पावसात न्यायचं नाही, मुलांनी हात लावायचा नाही. आणि त्याच्यासमोर चूक होईल या धाकानं आपण त्याच्यासमोर जायचंच टाळतो. ते 'लेडी ब्लंट' तीनशे वर्षं इतकं टवटवीत राहिलं, याचं एक कारण ते फारसं वाजलंच नाही. लिलावाचे पैसे जपानच्या भूकंप-त्सुनामीग्रस्तांना गेले, म्हणजे न वाजताही ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं. आपल्या कपाटावरच्या महागड्या व्हायोलिनला तेवढं पुण्य लागण्याचा संभव नाही.

तेव्हा परवडणारं वाद्य कशाला म्हणायचं? मी दोन हद्दी ठरवल्या. खालची हद्द अशी, की वाद्य खोटं बोलता कामा नये. वरची अशी, की त्यानं आपल्याला घाबरवता कामा नये. या दोन्हींच्या मधे जे बसेल ते परवडणारं. किंमत चुकती करणं ही त्यातली सोपी गोष्ट; न जमणंसुद्धा परवडलं पाहिजे. उद्या सोडून द्यावंसं वाटलं, तर ते हिशेबाचा धाक न बाळगता सोडता आलं पाहिजे.

भाच्यानं मोबाइलवर व्हायोलिनं दाखवली. चार-पाच हजारांपासून सुरुवात. त्यात व्हायोलिन, खोका, बो, राळ, जादा तारा, खांद्याची उशी, सूर मिळवायचं यंत्र आणि सात दिवसांत वादक करणारी पुस्तिका. रुखवतात असतं तसं सगळं मांडलेलं, फक्त नवरा मुलगा कसा आहे ते विचारायचं नाही. गुलाबी आणि निळ्या रंगांतसुद्धा मिळतात. एकानं पाच तारे देऊन अभिप्राय लिहिला होता : 'पार्सल वेळेवर आलं. खोका छान आहे. अजून वाजवलेलं नाही.' चीनमधल्या हुआंगच्याव गावातून वर्षाला लाखांनी व्हायोलिनं निघतात; आपल्याकडे उत्तर प्रदेशातलं रामपूर त्यासाठी प्रसिद्ध आहे. कुठलंही गाव वाईट नसतं. वाद्य कारखान्यातून निघाल्यावर आणि आपल्या हाती येण्यापूर्वी त्याची घोडी, खुंट्या आणि तो आत्मा कुणी जागेवर बसवला की नाही, एवढंच पाहायचं.

म्हणून आम्ही दुकानात गेलो. मिस्त्रींनी काय काय बघायचं ते एका कागदावर लिहून दिलं होतं, आणि गणिताच्या बाईंच्या हाती कागद पडल्यावर दुकानदाराची तोंडी परीक्षाच सुरू झाली. काळी पट्टी खरोखर काळ्या लाकडाची की रंगवलेली? खुंटी फिरवून सोडली की जागेवर राहते का? पट्टीवरून एक डोळा मिटून पाहिलं तर ती सरळ दिसते का? कडेचा सांधा कुठे उसवलाय का? बो ताणल्यावर मधे आतल्या बाजूला वाकलेला राहतो की काठीसारखा ताठ होतो? दुकानदार घाम पुसत म्हणाला, "आजी, नातवासाठी घेताय का?"

"नाही. स्वतःसाठी. आणि मला बाई म्हणा," ताई म्हणाली.

शेवटची परीक्षा मी सुचवली. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एका हॉटेलात २१ वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे चढवून त्यांना सहा व्हायोलिनं वाजवायला दिली होती. तीन नवी, तीन जुनी; जुन्यांत दोन स्त्रादिवारी आणि एक ग्वार्नेरी. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीखाली अत्तराचा थेंबसुद्धा लावला होता. बहुतेकांना नवंच वाद्य आवडलं, आणि सगळ्यांत नावडतं ठरलं ते एक स्त्रादिवारी! आमच्याकडे वेल्डर नव्हता. ताईनं नुसती पाठ फिरवली आणि दुकानातल्या शिकाऊ मुलानं पाच व्हायोलिनं एकामागून एक तोच 'सा-प' लावून वाजवली. ताईनं तिसऱ्यावर बोट ठेवलं. ते चौदा हजारांचं निघालं. तिच्या मागे अठ्ठावीस हजारांचं वाद्य उगीचच नाक वर करून उभं होतं. वरचे तीन हजार मिस्त्रींकडे घोडी घासायला, तारा बदलायला आणि खांब नीट बसवायला गेले. माझ्या मते त्या सतरा हजारांतले हे तीन सगळ्यांत शहाणे.

आता पात्रतेचं काय? तिला अगदीच मोडीत काढायला नको. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना व्हायोलिनच्या आधी सोल्फा, म्हणजे सूर गळ्यानं म्हणायला शिकवत. तिथून आलेल्या वादकांनी मुंबईच्या सिनेमासंगीताची व्हायोलिनं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आपले गजाननबुवा जोशी तर गवयीही होते आणि व्हायोलिनवादकही. म्हणजे 'आधी तप' हे खरंच आहे, पण ते कानाचं. त्याला पैसे पडत नाहीत आणि ते वाईट वाद्यावर करता येत नाही. उलट वाईट वाद्य तेच आधी बिघडवतं.

आता रोज पहाटे साडेपाचला ताई मांडी घालून बसते, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवते आणि सा लावते. सा लागतो. रे कधी लागतो, कधी लागत नाही. ग अजून तिच्याशी फटकून आहे. परवा मी गेलो होतो तेव्हा ती एका ओळीवर सलग चारदा अडखळली. पाचव्यांदा थांबली, बोटाकडे पाहिलं आणि हसली. "हे आता माझंच चुकतंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकं समाधान होतं, की मला काही बोलताच येईना.

मग राळ पुसता पुसता ती म्हणाली, "तीस वर्षांत किती पोरांच्या कंपासचे स्क्रू खरंच ढिले असतील रे? एकाचा तरी हातात घेऊन बघायला हवा होता." आणि पुन्हा ग शोधायला बसली.